पुळणीवरची मर्यादवेल

वाचकहो, माणगावहून म्हसळामार्गे श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगरला आपण कधी गेलात, तर बोर्ली पंचतन मागे पडल्यावर थोड्याच वेळात नारळ-सुपारीच्या वाड्या लागतात. सरळसोट पोफळी, मधूनमधून नारळ, बुंध्यांवर चढलेले मिरीचे वेल आणि भर दुपारीही थंडगार सावली. श्रीवर्धनी रोठा सुपारी याच मुलखातली. येणारे पाहुणे देवदर्शन करतात, समुद्र पाहतात, उकडीचे मोदक खातात आणि परततात. आपण शेतकरी माणसे. आपण आणखी एक गोष्ट पाहून यावे.

वाड्या संपल्या, सुरूचे बन आणि केवड्याची जाळी ओलांडली, की समुद्राच्या अलीकडे वाळूचा बुटका उंचवटा येतो. त्यावर एक हिरवी वेल अंथरलेली असते. पान जाडसर, चकचकीत आणि टोकाशी दुभंगलेले, अगदी दसऱ्याच्या आपट्यासारखे. फूल जांभळे, नरसाळ्याच्या आकाराचे. सकाळी उमलते आणि उन्हे तापली की मिटते. हीच मर्यादवेल. शास्त्रीय नाव आयपोमिया पेस-काप्री. पेस-काप्री म्हणजे बकरीचा पाय. पानाचा आकार तसा दिसतो म्हणून. आपले रताळे हे हिचेच भावंड. रताळ्याचा वेल जसा पेऱ्यापेऱ्याला मुळे सोडतो, तशीच ही सोडते.

नावातच तिचे काम सांगितले आहे. समुद्राने कुठवर यावे याची मर्यादा ती आखते. हे होते कसे, तेही समजून घ्या. किनाऱ्यावरचा वारा सुकी वाळू उडवून वाडीकडे आणतो. वेलीच्या पानांशी वाऱ्याचा जोर मोडतो आणि वाळू तिथेच खाली बसते. अशी वाळूखाली झाकली गेली तर इतर अनेक झुडपे गुदमरतील. ही मात्र नवा फुटवा वर काढते आणि गाडल्या गेलेल्या पेऱ्यांना मुळे फोडते. पुन्हा वाळू साठते, पुन्हा वेल वर येते. असा वर्षानुवर्षे उंचवटा वाढतो. उधाणाच्या भरतीला पहिली टक्कर हा उंचवटा देतो. लाटांनी त्याचा कडा कापून नेला, तरी मागे राहिलेल्या पेऱ्यांतून वेल परत पसरते. सिमेंटच्या भिंतीला तडा गेला तर तो आपोआप भरत नाही, ही मात्र स्वतःची डागडुजी स्वतः करते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्यात श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड भागातील वाड्यांची काय दैना झाली ते आपण ऐकले असेल. पोफळी काडीसारख्या मोडल्या, सुरूही आडवे झाले. ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्यापुढे मर्यादवेल पोफळ वाचवू शकत नाही, असा खोटा भरवसा कोणी देऊ नये. तिचे काम जमीन राखण्याचे आहे. झाड पडले तर पुन्हा लावता येते, पाच-सात वर्षांनी उत्पन्नही सुरू होते. पण झाडाखालची जमीनच वाहून गेली, तर लावायचे कुठे?

दुःख असे की ही वेल आज अनेक किनाऱ्यांवर 'कचरा' म्हणून काढली जाते. कुठे गाड्या उभ्या करायला, कुठे टपरीला जागा हवी म्हणून, तर कुठे नुसते स्वच्छ दिसावे म्हणून. बांधकामाला वाळूही तिथलीच उचलतात. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या सर्वांत संवेदनशील भागात धरल्या आहेत. तेव्हा हे नुसते गैर नाही, बेकायदेशीरही ठरू शकते.

किनाऱ्यालगत ज्यांची वाडी आहे त्यांनी लागवड अशी करावी. पावसाचा आणि उधाणाचा पहिला जोर ओसरला की, म्हणजे ऑगस्टच्या सुमारास, जून वेलीचे हातभर लांबीचे तुकडे घ्यावेत. प्रत्येकाला तीन-चार पेरी असावीत. दोन पेरी ओल्या वाळूत वीतभर खोल तिरपी पुरावीत आणि टोक वर ठेवावे. दोन तुकड्यांत दोन हात अंतर पुरे. जागा निवडताना मोठ्या भरतीची रेघ पाहावी आणि तिच्या वर लावावे. खालची मोकळी वाळू तशीच राहू द्यावी; समुद्रकासवे अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. बियांपासून करायचे असेल तर बीचे टणक कवच कानशीने थोडे घासून रात्रभर पाण्यात भिजवावे. पहिले वर्ष गुरे आणि माणसांचे पाय यांपासून जपावे, भोवती काटेरी फांद्या टाकाव्यात. पुढे खत लागत नाही, पाणी लागत नाही.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, वेलीला भरपूर ऊन लागते. सुरूच्या किंवा पोफळीच्या सावलीत ती धरत नाही. दोन, समुद्राकडे जाण्याची वाट एकच ठेवा आणि ती तिरपी काढा. सरळ वाटेतून वारा घुसतो आणि वाळू खणून नेतो. तीन, शोभेसाठी म्हणून पिवळ्या फुलांची वेडेलिया आणून लावू नका. तीही जमीन झाकते, पण ती परदेशी आहे आणि एकदा पसरली की दुसऱ्या वनस्पतीला जागा ठेवत नाही. जगातल्या शंभर उपद्रवी परक्या जातींच्या यादीत तिचे नाव आहे.

आता घाटावरच्या वाचकांना वाटेल, आमच्या काळ्या रानात याचा काय उपयोग? मर्यादवेल तिकडे नेऊच नका, तिची जागा पुळणीवर. पण तिचे काम करणाऱ्या वनस्पती आपल्या बांधावरही आहेत. हरळी पिकात आली तर वैरीण, पण बांधावर तीच राखणदार. मारवेल, पवना ही गवते माती धरतात आणि वर चाराही देतात. तरीही दरवर्षी बांध तासून साफ करण्याची अनेकांना हौस असते. पहिल्या वळवात तो बांध खचतो आणि मातीचा गढूळ लोंढा ओढ्याला मिळतो. वर्षभराच्या खतापाण्याने कमावलेला वरचा थर एका सांजेत जातो.

पिकात आलेली हरळी खणून काढा, बांधावरची राहू द्या. गवत कापा, पण मुळासकट उपटू नका. आणि किनाऱ्याच्या गावी गेलात तर मर्यादवेलीला वळसा घालून चाला. तिच्यामागे कुणाची तरी वाडी उभी आहे.