चुकांची वही

शिक्षणाच्या साधनांविषयी बोलणारा मनुष्य बहुधा दोहोंपैकी एका पक्षाचा असतो. एकास वाटते की, खडू आणि फळा यांपलीकडे जे जे आले तो सर्व थाट होय. दुसऱ्यास वाटते की, थाटावाचून विद्या येतच नाही. आम्ही गेली तीस वर्षे महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत आलो आहो, आणि आमच्या वर्गात खडूदेखील क्वचितच झिजतो. त्यामुळे या वादात पडण्याचे आम्हांस आजवर कारण नव्हते. परंतु गेल्या वर्षी त्यात पडणे भाग झाले, आणि पडल्यावर जे लागले ते वाचकांस सांगितल्यावाचून राहवत नाही.

प्रसंग असा. आमच्या परिचयाच्या एका संस्थेने खेड्यांतील माध्यमिक शाळांस इंग्रजी आणि गणित या दोन विषयांच्या साधनांची एकेक पेटी देण्याचे योजिले. हेच दोन विषय का, हे महाराष्ट्रात तरी कोणास सांगावयास नको. दहावीच्या दारात मूल अडते ते बहुधा या दोन उंबरठ्यांवर. पेटीत काय असावे याची यादी करण्याचे काम आमच्याकडे आले, आणि ते आम्ही मोठ्या हौसेने केले. शब्दांचे पत्ते, चित्रांचे तक्ते, उच्चारांच्या ध्वनिफिती, प्लॅस्टिकचे घन आणि शंकू, बीजगणिताच्या रंगीत फरशा, छापील कार्यपत्रिका, अशा चाळीस वस्तू झाल्या. यादी टंकलिखित होऊन आली तेव्हा ती पाहून आम्हांस स्वतःविषयी थोडा अभिमानही वाटला, हे कबूल केले पाहिजे.

त्याच आठवड्यात आमच्या शाळेतील मास्तरांच्या चिरंजीवांचा फोन आला. "सर, दादांना जाऊन आता वर्ष होईल. त्यांची ट्रंक माळ्यावर पडली आहे. रद्दीत घालवत नाही. तुम्ही त्यांचे विद्यार्थी आणि तुम्हीही शिकवता. एकदा बघून जाता का?"

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे शिक्षण झाले. १९८३ साली आम्ही आठवीत होतो. लहान शाळांतून त्या काळी एकच शिक्षक इंग्रजी आणि गणित असे दोन्ही विषय घेत असे. आमचे मास्तर त्यांपैकी होते. त्यांच्या अंत्यविधीस आम्ही गेलो नव्हतो. परीक्षेचे काम होते, असे आम्ही त्या वेळी स्वतःस सांगितले होते. खरे कारण निराळे होते, ते पुढे येईलच.

ट्रंक उघडली. वर पुस्तके होती. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचा एक भाग, पाठकोऱ्या कागदाचे वेष्टन घातलेला. रेन आणि मार्टिन यांचे इंग्रजी व्याकरण. यांतील रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीस होते आणि पुढे कादंबरीकार म्हणून नावाजले, ही गोष्ट मास्तर वर्गात दरवर्षी सांगत. त्याखाली जुनी उजळणी होती, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी यांसह. १९५७ सालच्या १ एप्रिलपासून दशमान नाणी चालू झाली. तोपर्यंत सोळा आण्यांच्या रुपयाचा हिशेब करणाऱ्या पोरास हे अपूर्णांकांचे पाढे पोटासाठी लागत. पुढे हळूहळू ते शाळेतून गेले. मास्तरांनी ते गाठीस बांधून ठेविले होते.

पुस्तकांच्या खाली एक सुतळीची दोरी निघाली. तीस सारख्या अंतरावर गाठी मारल्या होत्या, मध्ये बारा भाग. ती पाहताच आम्हांस खो-खोचे मैदान आठवले. तीन, चार आणि पाच भागांच्या बाजू करून ती तीन मुलांनी ताणून धरावयाची, की मैदानाचा कोपरा काटकोनात येई. शुल्ब म्हणजे दोरी, आणि शुल्बसूत्रे लिहिणारे आपले पूर्वज यज्ञवेदी अशाच दोरीने आखीत, हे मास्तरांनी तेथेच चुन्याची फक्की हातात घेऊन सांगितले होते. पायथागोरसचा सिद्धांत आम्ही पुस्तकात वाचला तो त्यानंतर.

मग एक बिस्किटांचा डबा. त्यात जुन्या पोस्टकार्डांचे कापलेले तुकडे, प्रत्येकावर एकेक शब्द, आणि एक बोथट कात्री. ही कात्री आम्ही विसरलो नव्हतो. फळ्याखाली बाकावर मास्तर तीन तुकडे मांडीत : 'मी', 'शाळेत', 'जातो'. मग एका मुलास बोलावून कात्री हातात देत आणि 'शाळेत' या शब्दाचा शेवटचा 'त' कापून काढावयास लावीत. आता चार तुकडे झाले. "हा 'त' मराठीत शाळेच्या शेपटाला असतो, इंग्रजीत तो शाळेच्या पुढे चालतो. उचल आणि पुढे ठेव. आणि 'जातो' मराठीत सगळ्यांच्या मागून येतो. त्याला 'मी'च्या शेजारी बसव." तुकडे हलत आणि त्याखाली इंग्रजी शब्द येत : आय, गो, टू, स्कूल. पुढे महाविद्यालयात आम्ही भाषाशास्त्राची मोठमोठी पुस्तके वाचिली. मराठीत क्रियापद शेवटी आणि विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय नामाच्या मागे, इंग्रजीत क्रियापद मध्ये आणि अव्यय नामाच्या आधी, हा भेद त्यांत सविस्तर होता. पण तो आम्हांस कात्रीने आधीच कळला होता.

इतके पाहून आम्ही मनाशी म्हटले की, आपल्या यादीत हे सर्व आहेच. शब्दांचे पत्ते आहेत, काटकोनाचे साधन आहे, आणि ती अधिक सुबक आहेत. अशा समाधानात आम्ही ट्रंकेच्या तळाशी हात घातला, आणि वह्या हाती लागल्या.

साध्या दोनशे पानी वह्या, एकूण अकरा. प्रत्येकीवर साल आणि एकच शब्द : 'चुका'. आत मुलांची नावे नव्हती. तारीख, झालेली चूक, आणि तिच्यासमोर ती कोठून आली असावी याचा शोध. वाचकांस कल्पना यावी म्हणून दोन-तीन नोंदींचा आशय देतो.

एका ठिकाणी होते : अर्धा भागिले पाव, उत्तर एक अष्टमांश. समोर लिहिले होते, 'भागाकार म्हणजे लहान होणे, असे मनात बसले आहे. उद्या रीत सांगू नये. अर्धा किलो साखरेच्या पाव-पाव किलोच्या पुड्या किती, ते विचारावे.' जुनी उजळणी ट्रंकेत का होती याचा उलगडा येथे झाला. ज्यास पाव हा शब्द ठाऊक आहे, त्यास अर्ध्यात दोन पाव असतात हे शिकवावे लागत नाही. ठाऊक असल्याची आठवण तेवढी द्यावी लागते.

दुसरी नोंद : 'त्रेपन्न सांगितले, पस्तीस लिहिले. कानास तीन आधी येतो, डोळ्यास पाच आधी हवा.' ही नोंद वाचून आम्ही थबकलो. २०१९ साली दुसरीच्या बालभारतीत संख्यावाचनाची 'पन्नास तीन' अशी रीत आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले होते! आम्हीही त्या वेळी मराठी भाषेच्या अभिमानाने चार तावातावाची वाक्ये बोललो होतो. संख्या उच्चारताना एकं आधी आणि लिहिताना दहं आधी, ही मुलाची अडचण मात्र आम्ही क्षणभरही विचारात घेतली नव्हती. मास्तरांनी नवी रीत मान्य केली असती की नाही, हे सांगता येत नाही. अडचण मात्र त्यांनी छत्तीस वर्षे आधी टिपून ठेविली होती.

तिसऱ्या नोंदीपाशी आम्ही आलो, आणि तिच्यापाशी बराच वेळ बसलो.

ती आमचीच होती. नाव नव्हते, 'तिसऱ्या बाकावरचा, खिडकीकडचा' एवढेच. आठवीच्या वर्षी तेथे दुसरे कोणी बसत नव्हते. चूक अशी : कंसात तीन अधिक चार, कंसाचा वर्ग, आम्ही तीनचा वर्ग नऊ, चारचा सोळा, मिळून पंचवीस, असे लिहिले होते. सात सत्ते एकोणपन्नास हे तोंडपाठ असूनही लिहिले होते.

दुसऱ्या दिवशी मास्तर पुठ्ठ्याचे तुकडे घेऊन आले. सात इंच बाजूचा एक पांढरा चौरस त्यांनी टेबलावर ठेविला, आणि तीन इंचांचा व चार इंचांचा असे दोन रंगीत चौरस आमच्या हाती देऊन म्हणाले, "हे दोन ठेवून मोठा चौरस भरून दाखव." आम्ही एक या कोपऱ्यात ठेविला, दुसरा समोरच्या कोपऱ्यात. दोन जागा उघड्या राहिल्या. आम्ही तुकडे फिरविले; जागा राहिल्याच. वर्ग हसला. मग मास्तरांनी खिशातून चार बाय तीनच्या दोन पट्ट्या काढिल्या. बारा आणि बारा चोवीस; पंचवीस आणि चोवीस एकोणपन्नास. चौरस भरला. साऱ्या वर्गास ते सूत्र जन्मभर पुरेल इतके समजले. आम्हांसही समजले, परंतु आम्ही घरी घेऊन गेलो ते सूत्र नव्हे, ते हसू. त्या दिवशी आम्ही ठरविले की, गणित हा आपला प्रांत नव्हे. दहावीनंतर आम्ही त्याची संगत सोडिली. इंग्रजीचे प्राध्यापक झालो याचा आम्हांस खेद नाही. परंतु त्या मार्गास आम्ही आवडीने वळलो की त्या हसण्यापासून पळालो, याचे उत्तर आम्ही कधी नीट दिले नव्हते. मास्तरांच्या घरी जाण्याचे आम्ही चाळीस वर्षे टाळले, ते याच कारणाने.

वहीत त्या चुकेसमोर लिहिले होते : 'आज नऊ मुलांची हीच चूक, त्यांत एक हुशार. परवा अ आणि ब यांच्या गुणाकाराचा वर्ग शिकवताना मी घाईने बोललो की, कंसावरचा घात आतल्या प्रत्येकास मिळतो. गुणाकारास ते खरे, बेरजेस नव्हे. मुलांनी माझेच ऐकले. चूक माझी.' आणि खाली निराळ्या शाईने : 'वर्गात हे सांगावयाचे राहून गेले. तो पोर हिरमुसला.'

आम्ही वही मिटली. चिरंजीवांनी चहा आणून ठेविला होता, तो निवून गेला.

पुठ्ठ्याच्या त्या चौरसासारखे चौरस आज बाजारात प्लॅस्टिकचे मिळतात आणि आमच्या यादीत ते होते. मग मास्तरांच्या पुठ्ठ्यात अधिक काय होते? ते चूक झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आले होते. नऊ मुलांच्या मनात कोणता प्रश्न अडला आहे हे आधी कोणी तरी पाहिले, आणि मग रात्री बसून पुठ्ठा कापला. आमच्या पेटीत चाळीस उत्तरे होती. त्यांचे प्रश्न कोणत्या शाळेत, कोणत्या बाकावर आहेत, याची आम्ही चौकशीही केली नव्हती.

याचा अर्थ जुने ते सोने, असा कोणी करू नये. मास्तर 'कॉम्ब' या शब्दातला शेवटचा ब ठासून उच्चारीत, कारण तो ज्यांच्या तोंडून ऐकावयाचा असे कोणी त्या गावी नव्हते. आज आठवीतले पोर खिशातल्या फोनवर तो शब्द हवा तितक्या वेळा शुद्ध ऐकू शकते. संगणकाच्या पडद्यावर त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढीत नेला, तिन्ही कोन बदलत राहिले आणि त्यांची बेरीज मात्र एकशेऐंशी अंशांवरच राहिली, हे दृश्य पाहून मास्तर लहान मुलासारखे हरखले असते. साधन नवे की जुने, फुकट की विकतचे, हा प्रश्न दुय्यम आहे. ते चूक पाहून निवडले की न पाहता, एवढाच खरा प्रश्न. मात्र मास्तरांच्याही पाहण्याला एक मर्यादा होती, आणि ती त्यांनी स्वतःच शाईने लिहून ठेविली. चुकेचे मूळ त्यांस सापडले, साधन सापडले. पण ज्याची चूक नव्हती त्यास तसे सांगावयाचे राहिले. तेवढ्यासाठी पुठ्ठा लागत नव्हता.

संस्थेच्या बैठकीत आम्ही यादी अर्ध्यावर आणिली, आणि प्रत्येक पेटीत एक कोरी वही घालावी असे सुचविले. कार्यवाह म्हणाले, "सर, देणगीदार पेटी उघडून पाहतात. कोरी वही दिसली तर काय म्हणतील?" पुष्कळ चर्चा होऊन वही घालण्याचे ठरले. पहिल्या पानावर दोन प्रश्न छापले : आज कोणती चूक झाली? ती कोठून आली? त्या वह्या भरतील किंवा तशाच राहतील. शिक्षकास जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत इतकी कामे असतात की, त्याच्याकडून आणखी एका वहीची अपेक्षा करताना आम्हांस संकोचही वाटला.

आम्ही मात्र एक वही स्वतःसाठी घेतली. तिच्यातील पहिली नोंद प्रथम वर्षाच्या वर्गाची आहे. निबंधांत जागोजागी 'द पुणे', 'द महाराष्ट्र' असे लिहिलेले आढळले. पूर्वीचे आम्ही असतो तर समासात तांबडी रेघ ओढून पुढे गेलो असतो. थोडा शोध घेतला, तेव्हा आदल्या आठवड्याची आठवण झाली. तुम्ही मराठी मुले 'द' गाळता, कारण आपल्या भाषेत ते नाही, असे आम्हीच वर्गात चांगले खडसावून सांगितले होते. ते कोठे लावू नये, हे सांगितले नव्हते. मुलांनी आमचेच ऐकले होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो, आणि शिकविण्यास आरंभ करण्यापूर्वी ती नोंद वाचून दाखविली.