शनिवारचे क्लिक

जुलैतला शनिवार. लोणावळ्यातल्या तुंगार्लीत धुकं इतकं की समोरचं फाटक दिसेना. आमच्या भाड्याच्या बंगल्याची गूगलवरची जाहिरात सकाळी साडेनऊलाच थंडावली. दिवसाचं बजेट ८०० ठरवलेलं, गेले १,५४०. एखाद्या दिवशी गूगल दुपटीपर्यंत खर्च करतं आणि महिन्यात हिशोब जुळवतं, हे तेव्हा कळलं. क्लिक ३१, फोन एकही नाही.

•

रिपोर्ट उघडला. ३१ पैकी १९ क्लिक लोणावळ्यातूनच. लोणावळ्यात बसून लोणावळ्यातला बंगला कोण शोधतंय? रूम न मिळालेले पर्यटक असतील, मान्य. पण १९? आपलं गिऱ्हाईक बोरिवलीत, ठाण्यात, कोथरूडमध्ये. जाहिरात तिकडेच लावली आणि लोणावळा चक्क वगळला. स्टेशनवर उतरून रूम शोधणारे चार जण हातचे जातील, जाऊ देत.

•

खोट्या क्लिकचे पैसे गूगल कापून घेत नाही. ‘अवैध क्लिक’ असा रकानाही आहे, फक्त तो आपण शोधून लावायचा. यंत्राने केलेले क्लिक त्यात सापडतात. पण शेजारचा बंगलेवाला चहा पिता पिता दोनदा दाबून गेला, तर तो गिऱ्हाईकासारखाच दिसतो. आयपी वगळता येतात, एका कॅम्पेनला ५०० पर्यंत. मोबाईलचा आयपी मात्र बदलत राहतो. मी तीन वगळले आणि कंटाळलो.

•

जुन्या हायवेला बंगल्यांचे बोर्ड घेऊन पोरं पावसात उभी असतात. पाहुणा उतरला तरच त्यांना कमिशन. गूगल नुसतं डोकावल्याचे पैसे घेतं. आता वहीत क्लिक लिहीत नाही, फोन लिहितो.

•

बंगल्याच्या वेबसाइटचं पहिलं डोमेन भाच्याने घेतलं होतं, मध्ये दोन डॅश. फोनवर पत्ता सांगताना घसा बसायचा. “डॅश म्हणजे खालची रेघ ना?” नाही हो, खालची रेघ तिथे चालतच नाही.

•

लोणावळ्याच्या इंग्रजी स्पेलिंगात ‘व्ही’नंतरचा ‘ए’ कुठे असतो, कुठे गळालेला. मावळला व्ही की डब्ल्यू? पवनेचं तेच. लोहगड २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला तोही ‘लोहागड’ वाचावं अशा स्पेलिंगने. शेवटी दोन्ही स्पेलिंगं विकत घेतली, एक दुसऱ्यावर वळवलं. एक बंगला, दोन फाटकं.

•

एका अक्षराची किंमत मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्येच सांगून ठेवली आहे. ‘रेडिफ’ नाव चालत असताना दुसऱ्याने ‘ई’च्या जागी ‘ए’ घालून ‘रॅडिफ’ घेतलं. कोर्टाने ते अडवलं. डोमेन नुसता पत्ता नाही, ट्रेडमार्कसारखंच जपायचं नाव आहे, असं ठरलं. चिक्कीच्या दुकानांवर ‘ओरिजिनल’, ‘जुने’ अशा पाट्या वाचत वाढलेल्या लोणावळेकराला हे वेगळं सांगायला नको.

•

देवनागरी ‘.भारत’ २०१४ पासून मिळतं. त्यात स्पेलिंगचा घोळच नाही, म्हणून हरखलो. मग घाटकोपरच्या एका पाहुण्याला टाइप करायला लावलं. त्यांनी ‘लोनावला’ लिहिलं. ळ त्यांच्या बोटांतच नव्हता.

•

आज रविवार. फोन ४. एका बाईंनी विचारलं, “फोटोतला स्विमिंग पूल खरा आहे ना?” खरा आहे म्हटलं. पाणी गार आहे, तेही सांगितलं.