एकटीच्या केबिनचे दोन पॉइंट

क्रूझ कंपनीचा पॉइंट म्हणजे काय, हे मला नीट कळलं ते आमचे हे गेल्यानंतर. त्याआधी आम्ही जोडीने जायचो. पॉइंट जमतात एवढं ऐकून होते, पण तो हिशेब ह्यांच्याकडे असायचा. नंतर लेक न्यू जर्सीहून मागे लागली, "आई, तू एकटी जा. समुद्रावर तुला बरं वाटतं." म्हणून चौकशी केली, तर कळलं की एकटीने केबिन घेतली तरी भाडं जवळजवळ दोघांचंच पडतं. केबिन दोघांची धरूनच तिकिटाचे दर ठरलेले असतात. दुसरी खाट रिकामी राहिली तरी तिचे पैसे द्यावेच लागतात. मला ते फार लागलं. पैशाचं तर होतंच, पण त्या रिकाम्या खाटेचं जास्त.

मी सारोळ्याची. पुणे-सातारा रस्त्यावर नीरेच्या अलीकडे आमचं गाव. पूल ओलांडला की शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा. नोकरीभर शाळेत गणित शिकवलं. त्यामुळे लागलेलं असलं तरी नियमांचा कागद पुरता वाचल्याशिवाय सोडायचा नाही, ही सवय आहे. रॉयल कॅरिबियन कंपनीच्या 'क्राउन अँड अँकर सोसायटी'चे नियम वाचायला बसले, तेव्हा त्यात माझ्यासारखीचाच विचार केलेला आढळला. साध्या केबिनमध्ये माणशी दर रात्रीला एक पॉइंट. स्वीट घेतलं तर दोन. आणि एकट्याने दोघांचं, म्हणजे 200 टक्के भाडं भरलं, तर रात्रीला आणखी एक पॉइंट. म्हणजे साध्या केबिनमधल्या एकट्या बाईला सात रात्रींचे चौदा पॉइंट मिळतात.

पुढच्या पायऱ्या अशा आहेत: 30 पॉइंटला प्लॅटिनम, 55 ला एमराल्ड, 80 ला डायमंड, 175 ला डायमंड प्लस आणि 700 ला पिनॅकल. शून्यापासून सुरुवात करून जोडीने फिरणाऱ्यांना डायमंडपर्यंत पोचायला सात रात्रींच्या बारा सफरी लागतील. एकटीने पूर्ण भाडं भरलं तर सहा सफरींत 84 होतात. जे भाडं मला दंडासारखं वाटत होतं, त्यातला काही भाग परत मिळण्याची वाट त्याच कागदात होती. हे कोणी आपण होऊन सांगत नाही. प्रिन्सेस कंपनीतही थोड्या वेगळ्या रीतीने हेच आहे. तिथे वरची एलिट पायरी 15 सफरी किंवा 150 दिवस, यांतलं जे आधी पुरं होईल त्यावर मिळते, आणि एकट्याने केबिन घेणाऱ्याची एक सफर दोन धरली जाते. ज्यांना तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरी परवडतात त्यांनी तिथे सफरी मोजाव्यात, लांबच्या सफरी करणाऱ्यांनी दिवस मोजावेत.

पण पॉइंट जमले म्हणजे पैसे वाचले, असं मुळीच नाही, आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते. डायमंडला दिवसाला चार पेयं मिळतात, प्रत्येक 14 डॉलरपर्यंतचं. कागदावर सात रात्रींची अठ्ठावीस पेयं, म्हणजे 392 डॉलर. हा आकडा दाखवून लोक वर चढायला निघतात. आमच्या घरात कोणी दारूला शिवत नाही. मी घेणार सकाळी एक कॉफी, संध्याकाळी एक. बोटीवर चांगली कॉफी पाच-सहा डॉलरला पडते. म्हणजे माझ्यासाठी त्या 392 डॉलरची किंमत सत्तर-ऐंशी डॉलर. वाईन घेणाऱ्या जावयाला तीच सवलत पुरेपूर वसूल होते. सवलतीची किंमत कंपनीच्या तक्त्यात शोधायची नसते, आपल्या दिवसाच्या खर्चात शोधायची असते.

आपल्या एसटीचंच बघा. 2023 च्या मार्चपासून तिथे बायकांना अर्धं तिकीट आहे. सारोळ्याहून स्वारगेटला जायचंच असेल तर निम्मे पैसे वाचतात. पण अर्धं तिकीट आहे म्हणून कोणी उगाच तीन वेळा स्वारगेटला जाऊन येत नाही. क्रूझच्या बाबतीत मात्र शिकलेसवरलेले लोक हे करतात. पायरीला दहा पॉइंट कमी पडतात म्हणून वर्षाअखेरीस एक सफर जास्तीची घेतात, नाहीतर दुप्पट पॉइंटसाठी स्वीट घेतात. स्वीटचं भाडं कित्येकदा साध्या केबिनच्या तिपटीहून जास्त असतं. दुप्पट पॉइंटसाठी तिप्पट पैसे, हे गणित सातवीतल्या मुलालाही चूक दिसेल. स्वीट आवडतं म्हणून घेतलं तर माझं काहीच म्हणणं नाही. आणि घाई तरी कशाला? क्राउन अँड अँकरचे पॉइंट वर्ष संपलं म्हणून पुसले जात नाहीत. विमान कंपन्यांच्या पायऱ्यांची सवय असलेल्यांना हे ठाऊक नसतं, आणि ते उगाच धावपळ करतात.

माझं खरं नुकसान झालं असतं ते भलत्याच कारणाने. आपल्याकडे बायकांच्या नावात नवऱ्याचं नाव मध्ये असतं. पासपोर्टवर माझं नाव तिन्ही शब्दांत आहे. पुण्यातल्या एका एजंटाने पहिलं बुकिंग तसं केलं; पुढे लेकीने अमेरिकेतून केलं ते मधलं नाव गाळून. झालं, माझे दोन सदस्य क्रमांक तयार झाले, आणि रात्री दोन्हीकडे वाटल्या गेल्या. एका सफरीत तर एजंटाने क्रमांकच टाकला नाही, तेव्हा ती सफर कुठेच दिसेना. बोटीवरून उतरताना मिळणारं शेवटचं बिल मी जपून ठेवते, त्यावर बुकिंग क्रमांक असतो. ते पुढे करून कंपनीकडून दोन्ही खाती एक करून घेतली, राहिलेल्या रात्री मिळवल्या. हे काम फोनवर होतं, फक्त चिकाटी लागते. मराठी घरांतल्या बायकांना मी आवर्जून सांगते, निघण्याआधी बुकिंगच्या कागदावर आपला सदस्य क्रमांक छापलेला आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. एका पत्त्यावर राहणाऱ्या नवरा-बायकोची पायरी जोडून घेता येते, लहान मुलांनाही आईबापांची मिळते. लग्न झालेल्या लेकीला मात्र ती चालत नाही. माझ्या पॉइंटचा तिला उपयोग नाही आणि तिच्याचा मला.

आणखी एक गोष्ट मला मुंबईत उमगली. शाळेतल्या मैत्रिणींबरोबर कॉर्डेलियाच्या 'एम्प्रेस' बोटीने गेले होते. ही बोट 1990 ची, मूळची 'नॉर्डिक एम्प्रेस'. नंतर 'एम्प्रेस ऑफ द सीज' या नावाने रॉयल कॅरिबियनमध्येच होती. 2021 पासून ती कॉर्डेलियाकडे आहे. तेच डेक, तेच जिने, पण तिथल्या रात्री क्राउन अँड अँकरमध्ये धरल्या जात नाहीत, कारण पॉइंट बोटीचे नसून कंपनीचे असतात. कंपनीच बुडाली तर काय होतं, हेही मुंबईने पाहिलंय. 2019 मध्ये मोठ्या थाटात निघालेली जलेश क्रूझेस 2020 मध्ये बंद पडली आणि तिची 'कर्णिका' अलंगला मोडीत निघाली. जेंटिंग हाँगकाँग ही केवढी मोठी कंपनी, पण 2022 च्या जानेवारीत तीही दिवाळखोरीत गेली. तिच्याबरोबर क्रिस्टलसारखी नावाजलेली आलिशान कंपनी थांबली. नव्या मालकाकडे जाऊन तिच्या बोटी 2023 मध्ये पुन्हा निघाल्या. म्हणून जमलेल्या सवलती साठवून ठेवायच्या नाहीत, मिळाल्या की वापरायच्या, असं माझं ठाम मत आहे. बोटीवरचं क्रेडिट मिळालं असेल तर ते शेवटच्या रात्रीच्या आत खर्च करावं. बरंचसं क्रेडिट परत मिळत नाही. रोजच्या टिपा खात्यात लागतात, साध्या केबिनला माणशी साधारण अठरा डॉलर. मी क्रेडिट तिथेच वळतं करून घेते.

आलिशान बोटींचं गणित आणखी निराळं. सिल्व्हरसीसारख्या कंपनीत पेयं, टिपा, सारं भाड्यातच धरलेलं असतं. तिथे फुकट कॉफीला अर्थ नाही. जुन्या प्रवाशाला भाड्यात काही टक्के सूट मिळते का, तेवढंच बघायचं. सिल्व्हरसी आता रॉयल कॅरिबियन समूहातच आहे आणि 2024 पासून रॉयल, सेलिब्रिटी, सिल्व्हरसी या तिघांनी एकमेकांच्या पायऱ्या मानायला सुरुवात केली. तेव्हा पायरी मानली म्हणजे पॉइंट तिकडे गेले असं नव्हतं, हा फरक बारकाईने वाचावा लागे. तरी माझ्यासारखीला याचा फायदा मोठा आहे. स्वस्त कंपनीत रात्री जमवायच्या आणि कधीतरी एकदा महाग बोटीवर गेलो तर तिथे अगदी नवखं म्हणून उभं राहावं लागत नाही. सेलिब्रिटीत एलिट पायरीला एक पिशवी कपडे धुऊन मिळतात. सुती साड्या मी त्यांच्या मशीनला देत नाही. परकर, सलवार-कमीज, टॉवेल जातात, आणि परतीची बॅग हलकी होते.

इथून पैसे भरणाऱ्यांनी दोन खर्च आधीच धरावेत. परदेशी चलनात कार्ड वापरलं की बँक साधारण साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी लावते. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस कापला जातो, तो आयकराच्या विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. अनेकदा पायरीची सगळी सवलत या साडेतीन टक्क्यांतच विरघळून जाते. मी मार्कअप नसलेलं कार्ड शोधून घेतलं, आणि त्या एका कार्डाने मला प्लॅटिनम पायरीपेक्षा जास्त दिलं आहे.

परवा शिरवळच्या एका ओळखीच्या बाई आल्या होत्या. त्यांचेही हे गेले. म्हणाल्या, "ताई, दोघांचं भाडं एकटीने भरायचं म्हणजे जिवावर येतं हो." मी त्यांना क्राउन अँड अँकरमधली आणखी एक ओळ दाखवली. डायमंड प्लसमध्ये 340 पॉइंट झाले की एकट्याचं भाडं 200 टक्क्यांऐवजी 150 टक्के होतं. पल्ला फार लांबचा आहे, आमच्यापैकी कोणी तिथे पोचेल असं वाटत नाही. मग आम्ही वेगळाच हिशेब मांडला. दोघी मिळून एक केबिन घेतली तर दोघींना रात्रीला एकेकच पॉइंट, पण भाडं प्रत्येकीला निम्म्यावर. सात रात्रींत सात पॉइंट कमी पडतात आणि निम्मं भाडं वाचतं. पुढच्या उन्हाळ्यात लेकीकडे जाणारच आहे. तेव्हा बायोनच्या केप लिबर्टी बंदरातून बर्म्युडाला जाणारी बोट बघायला तिला सांगितलंय. केबिन आतली, खिडकीशिवायची, दोघींच्या नावावर. शिरवळच्या बाईंचं नाव पासपोर्टप्रमाणे तिन्ही शब्दांत घालायला बजावलं आहे.