फ्रीझरला नळ

फ्रीझर घेतला तेव्हा मी घरी सांगितलं, भाज्या ठेवायला घेतलाय.

"एवढा मोठा?" मम्मी म्हणाली. "एकटा जीव, किती मटार खाणार आहेस?"

खरं सांगता येत नव्हतं. माझे आजोबा इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला होते आणि ते प्यायचे. आमच्या घरात त्यांच्याबद्दल याहून जास्त बोललं जात नाही. पप्पांनी आयटीआयला रेफ्रिजरेशनचा ट्रेड केला, फ्रीज दुरुस्तीचं दुकान टाकलं, त्यावर मला इंजिनिअर केलं. दारूला ते कधी शिवले नाहीत. लग्नाच्या वरातीत कुणी कोल्ड्रिंकचा ग्लास पुढं केला, तर आधी वास घेतात आणि मगच पितात.

आणि त्यांचा मुलगा अमेरिकेत, गॅरेजमध्ये, डीप फ्रीझरला बिअरचा नळ बसवत होता.

मी तीन वर्षांपासून ओरेगॉनमध्ये, पोर्टलंडजवळ बीव्हर्टनला राहतो. इकडं बिअर हा गप्पांचा विषय आहे, आपल्याकडं मिसळ असते तसा. टीममधल्या एका सीनियरनं मला घरी केलेली बिअर पाजली. तिला संत्र्याच्या सालीसारखा वास होता. तो म्हणाला, हे कॅस्केड हॉप, आपल्याच ओरेगॉनमधल्या सरकारी संशोधनातून १९७२ साली बाहेर आलेलं. पुढच्या शनिवारी मी त्याच्या घरी मोठ्या पातेल्यात माल्टचं पाणी ढवळत उभा होतो. दिवसभर स्क्रीनवर जे लिहितो त्याला ना वास असतो ना वजन. इथं हाताला चटका बसत होता. मला ते आवडलं.

घरी बिअर करणं इथं कायदेशीर आहे, पण पूर्वी नव्हतं. १९३३ साली अमेरिकेतली दारूबंदी उठली तेव्हा घरी वाइन करायची मुभा मिळाली, बिअर मात्र राहून गेली. जिमी कार्टर यांनी १९७८ साली सही केलेल्या कायद्यानं ती मुभा आली. घरात एकच सज्ञान माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. विकायची नाही. १०० गॅलन म्हणजे साधारण ३७८ लिटर. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी हसलो होतो. एकटा माणूस एवढी कशी पिणार?

बिअर करणं सोपं आहे, बाटल्या भरणं कंटाळवाणं. एका खेपेला १९ लिटर होते, म्हणजे पन्नासेक बाटल्या. त्या धुवा, निर्जंतुक करा, भरा, एकेकीला झाकण ठोका. चौथ्या खेपेनंतर मी ठरवलं, आता केग.

हे केग मुळात कोल्ड्रिंकसाठी होते. हॉटेलांच्या सोडा मशीनला सिरप पुरवायला कंपन्या स्टीलचे उंच डबे वापरायच्या. पुढं सिरप प्लास्टिकच्या पिशवीत, खोक्यातून यायला लागलं आणि हे डबे अडगळीत गेले. ते होमब्रूवाल्यांनी उचलले. मी दोन जुने घेतले. एका डब्यात बरोबर एक खेप मावते.

मग फ्रीझर. किराणा दुकानात आईस्क्रीम ठेवायला असतो तसा, वरून उघडणारा, २०० लिटरचा. झाकण उघडलं तरी गार हवा जड असल्यामुळं खालीच राहते. एकच अडचण: तो सगळं उणे १८ अंशाला नेतो आणि बिअरला हवे असतात तीन-चार. त्यासाठी बाहेरून टेम्परेचर कंट्रोलर लावायचा. आतल्या सेन्सरनं आकडा सांगितला की तो फ्रीझरची वीजच तोडतो. नळासाठी भिंतीला भोक पाडायचं नाही, कारण भिंतीच्या आतून गॅसच्या नळ्या फिरलेल्या असतात. एक चुकीचं भोक आणि फ्रीझर भंगारात. म्हणून झाकण काढून मध्ये सहाएक इंच उंचीची लाकडी चौकट बसवली, सिलिकॉननं चिकटवली, वर झाकण जोडलं. भोकं पाडली ती त्या लाकडाला.

नळ सोडला तर ग्लासभर नुसता फेस. बिअर आत १२ पीएसआयच्या दाबाखाली असते. नळी आखूड असेल तर ती उसळून बाहेर येते आणि विरघळलेला गॅस एकदम सुटतो. मी पाच फुटांची नळी लावली होती. दहा फुटांची लावली. लांब, बारीक नळीत घासत येताना दाब हळूहळू उतरतो आणि नळातून शांत धार येते. ती पहिली धार बघताना मी गॅरेजमध्ये एकटाच ओरडलो होतो.

मग कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर दोन दिवसांत रिकामा झाला. असा सिलिंडर पाच-सहा केगना सहज पुरतो. साबणाचं पाणी लावून बघितलं, तर केगच्या झाकणाच्या रबरी रिंगेतून बुडबुडे येत होते. मला राग आला तो काट्याचा. आदल्या संध्याकाळपर्यंत तो भरलेला दाखवत होता. नंतर समजलं की सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो. तो थोडासा जरी उरला असेल तरी वरचा दाब तेवढाच राहतो. काटा शेवटपर्यंत तेच सांगतो आणि मग एकदम पडतो.

दुसरा केग लावला जानेवारीत. आठवड्याभरात फ्रीझर विचित्र आवाज करायला लागला. टक्, घर्र, बंद. मिनिटाभरानं परत टक्. कंप्रेसर जाणार हे मलाही कळत होतं. आणि कंप्रेसरबद्दल विचारावं असा माणूस मला जगात एकच माहीत होता.

माझ्याकडं रात्रीचे साडेआठ, तिकडं सकाळचे दहा. पप्पा दुकानात होते.

"आवाज ऐकव."

मी फोन खाली धरला.

"आतला थर्मोस्टॅट चालूच नाही. बाहेरनं काय लावलाईस?"

"कंट्रोलर."

"किती डिग्रीला?"

"तीन."

ते थांबले. "मटार तीनला ठेवतोस?"

मी काहीच बोललो नाही.

"झाकण उघड."

मी उघडलं. दोन केग, सिलिंडर, नळ्यांची वेटोळी. फोन थोडा मागं नेला तेव्हा दोन नळही दिसले असणार. तिकडं रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज लांब जाईपर्यंत पप्पा बोलले नाहीत.

"बियर हाय?"

"हो."

"इकतची?"

"घरी केलेली."

परत शांतता. मी ओरडा खायच्या तयारीत होतो. त्यांनी विचारलं, "सेन्सर कुठं लावलाईस?"

"मधे लटकवलाय."

"हवेत. म्हणूनच. झाकण उघडलं की हवा तापती, कंप्रेसर चालू. हवा लगेच गार हुती, बंद. त्या डब्याला चिकटव, वरनं थर्माकोल लाव. हवा काय सांगती ते बघू नको, माल किती गार हाय ते बघ. आणि बंद झाल्यावर पाच मिनिटं चालू हुऊ देऊ नको. आतलं प्रेशर उतरायला येळ लागतो."

कंट्रोलरमध्ये त्यासाठी सेटिंग होतं. मी ते शून्यावर ठेवलं होतं.

मला वाटलं, संपलं. पण ते फ्रीझरकडंच बघत होते.

"आत किती उरलीय ते कसं कळतं?"

"कळत नाही. संपली की नळातून नुसता गॅस येतो."

"आणि रोज किती जाती?"

"एक ग्लास. शनिवारी दोन."

"आमचे आप्पापण एकच म्हणायचे," ते म्हणाले. आजोबांचं नाव त्यांच्या तोंडून मी कितीतरी वर्षांनी ऐकत होतो. "बाटली असली तर संपताना दिसती. नळाचं काय दिसतंय? काटा बघून सिलिंडर भरलाय म्हणणारं पोरगं मी दुकानात ठेवत नाही. वजन कर."

मग नेहमीसारखं, "जेवलास काय?" आणि फोन ठेवला.

सेन्सर चिकटवला, थर्माकोल लावला, पाच मिनिटांचं सेटिंग केलं. आवाज त्याच रात्री थांबला. वजन मात्र मी केलं नाही. दोन दिवस बाथरूममधला वजनकाटा गॅरेजच्या दारात तसाच पडून होता.

तिसऱ्या दिवशी केगच्या नळ्या काढून तो काट्यावर ठेवला. रिकामा केग चार किलोच्या आसपास असतो आणि लिटरभर बिअर जवळजवळ एक किलो. भरलेला असताना तेवीस असणार. काट्यावर सोळा आले. मी उचलून परत ठेवला. सोळा. नळ सुरू करून आठ दिवस झाले होते. सात लिटर म्हणजे इथल्या हिशेबानं वीसेक ग्लास. त्यातले दोन मित्रानं प्यायलेले. फेसात वाया गेली म्हणावं, तर नळी बदलून महिना झाला होता. माझ्या आठवणीप्रमाणं नऊ-दहा ग्लास व्हायला हवे होते, आणि मला ते अगदी खरं वाटत होतं. पप्पांना मी खोटं सांगितलं नव्हतं.

फोनच्या कॅल्क्युलेटरवर वर्षाचा हिशेब केला. ३१९ लिटर. कार्टरच्या कायद्याच्या जवळ.

त्या रविवारी मी त्यांना आकडा सांगितला. ते म्हणाले, "बरं. पुढच्या आयतवारी परत कर."

तेव्हापासून दर रविवारी मी त्यांना वजनकाट्याचा फोटो पाठवतो. ते त्यावर बरं-वाईट काही लिहीत नाहीत. झाकणाचं रबर तपास, आत पाणी साठतंय काय बघ, असं काहीतरी येतं. आमचं बोलणं मात्र वाढलंय. आधी जेवलास काय, पाऊस आहे काय, यापलीकडं जात नव्हतं. केग मी टाकून दिलेले नाहीत, पिणंही सोडलेलं नाही. एखाद्या आठवड्याला दोन लिटर जातात, एखाद्याला नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी आकडा वाईट होता. केगवर हात ठेवून जरा दाबलं तर काटा वर जाईल आणि फोटोत हात दिसणार नाही, हे माझ्या लक्षात आलं. हात ठेवलाही होता. मग काढला आणि फोटो पाठवला. साडेपाच लिटर.

मम्मीला अजून मटारच माहीत आहेत. पप्पा म्हणाले, ते तुझं तू सांग. दिवाळीला घरी जाणार आहे.