अल ऐनचा खजूर, आमचा घाणा

आम्ही दोघी बहिणी भाचीकडे दुबईला गेलो होतो. तिने अल ऐनला खजुराची जुनी बाग दाखवली. तिथे फलज नावाच्या पाटाचं पाणी पाळीपाळीने बागांना मिळे. तेल सापडण्याआधी तिथला खजूर उंटांवर लादून किनाऱ्याला जाई, येताना तांदूळ, कापड येई. 1966 पर्यंत व्यवहार रुपयांतच चाले.

हे ऐकलं आणि आमच्या पणजोबांचा कोकणातला तेलघाणा आठवला. शेतकरी तीळ, खोबरं आणत. मोबदला म्हणून भात देत. शनिवारी शब्बाथ, बैल सुटलेला, म्हणून लोक आम्हाला म्हणत शनवार तेली. एवढंच आम्हाला माहीत. बैलाचं नाव काय, घाणा कधी बंद पडला, सारं आत्याला ठाऊक होतं. आम्ही दोघी नर्स. जन्मभर रोग्यांना विचारून विचारून केसपेपर भरले, पण आत्याला विचारायचं राहून गेलं. आता ती नाही.

परत आल्यावर मलिद्याच्या ताटात पोह्यांवर अल ऐनचा खजूर ठेवला, आणि आत्याची आठवण काढली. तुमच्या घरी कोणी वडीलधारं असेल, तर आजच फोन करा. विचारा, लिहून ठेवा.