तीच ती ओळ

फौजेत भरती होताना डोळे, कान, दात, छाती सगळं तपासून घेतात. तपासणारे डॉक्टर लष्कराचेच. मग वीस-बावीस वर्षांनी रक्तदाब घेऊन घरी आलेल्या जवानाला 'आजार सेवेमुळे झालेला नाही, सेवेने वाढलेलाही नाही' असं कळवायचं, म्हणजे कमालच!

माझ्या मामाच्या कागदांत हीच ओळ आहे. अपंगत्व तीस टक्के, पण त्यापोटी पेन्शन शून्य. पहिलं अपील फेटाळलं, दुसरंही. शब्दसुद्धा तेच. पैशांपेक्षा त्याला हेच जास्त लागलं. "लेहला काय मी हवा खायला गेलो होतो?" म्हणतो.

खरं तर सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच याचं उत्तर दिलंय. सिग्नल्समधले धरमवीर सिंग १९८५ ला भरती झाले, १९९४ ला अपस्मारामुळे घरी पाठवले गेले. अपंगत्व वीस टक्के, दावा असाच नाकारलेला. कोर्ट म्हणालं, तेव्हाच्या नियमांप्रमाणे भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेतच जडला असं धरायचं. तसं नाही हे जवानाने नव्हे, सरकारने सिद्ध करायचं. आणि वैद्यकीय बोर्डाचं मत वेगळं असेल, तर त्याची कारणं लिहायची.

आता उरलंय सशस्त्र दल न्यायाधिकरण, मुंबईचं खंडपीठ. (२००९ पूर्वी तेही नव्हतं, हायकोर्ट गाठावं लागे.) वकिलांनी आधी बोर्डाचे कागद मागितले. मामाने ते माहितीच्या अधिकारात मिळवले. कारणांच्या जागी पुन्हा तीच एक ओळ.

वकील खूश झाले. मामा मात्र बराच वेळ गप्प होता.