पोलादपूरची आत्या

परवा पुण्याहून भाच्याचा फोन आला. निवृत्त झाल्यापासून त्याने आपल्या घराण्याची वंशावळ करायला घेतली आहे. दिवाळीपर्यंत पुस्तिका छापून सगळ्या नातेवाइकांना वाटायची म्हणतो. मला म्हणाला, "आत्या, पणजोबांना मुली किती? एक की दोन? बाबांच्या वहीत एकच लिहिली आहे, पण एका जुन्या पत्रिकेच्या मागे दोन नावं सापडली."

मी म्हटलं, "चहा उतू जातोय, नंतर बोलते." चहा वगैरे काही नव्हता.

दोन होत्या. धाकटीबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नसे. विचारलंच कोणी तर "ती मुंबईला असते" असं उत्तर ठरलेलं होतं. ती मुंबईला नव्हती. महाडपासून पाच कोसांवर, पोलादपूरला मिशनच्या दवाखान्यात होती. आत्याला रक्तपिती झाली होती. आता कुष्ठरोग म्हणतात, तेव्हा आमच्याकडे हाच शब्द होता, आणि तोही दार लावून उच्चारायचा.

हे मी आज पहिल्यांदाच लिहिते आहे. वाचणाऱ्यांत माझ्या दोन जावा आहेत, नणंदेच्या मुली आहेत. त्यांना हे इथेच कळणार. समोरासमोर सांगायचं धैर्य पन्नास वर्षांत झालं नाही, म्हणून असं.

आत्याचा जन्म १९३१ चा. लग्न लवकर झालं, सासर बिरवाडीकडचं. पंचविशीत पाठीवर आणि दंडावर फिकट चट्टे आले. चुलीपाशी हात भाजला तरी तिला कळलं नाही, फोड आल्यावर सासूने पाहिलं. आठवड्याच्या आत नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडलं आणि वर्षभरात दुसरी केली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात महारोग हे घटस्फोटाचं एक कारण होतंच, पण कोर्टाची पायरी चढायचीही त्याला गरज पडली नाही. (हे कारण कायद्यातून निघालं २०१९ साली. वर्तमानपत्रातली ती बातमी मी दोनदा वाचली.)

तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. आमच्या लहानपणी कोकणात मोठं दुखणं आलं की "मिरजेला न्या" म्हणत. मिरजेचं वानलेसांचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासूनचं. डॉक्टर विल्यम वानलेस जन्माने कॅनडाचे, अमेरिकेतल्या मिशनने पाठवलेले. त्यांनी तिथे शस्त्रक्रियेचा नुसता लौकिक मिळवला नाही, तर आपल्याकडची मुलं शिकवून डॉक्टरही तयार केले. ते १९२८ साली परत गेले, पण खेडोपाडी नाव त्यांचंच चालू होतं. आजोबा आत्याला घेऊन घाट चढून साताऱ्याकडून मिरजेला गेले. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, सुईने टोचून पाहिलं, आणि एक चिठ्ठी लिहून दिली. "इतक्या लांब कशाला आलात? पोलादपूरला आमची माणसं आहेत, त्यांना ही द्या."

"आमची माणसं" हे शब्द आजोबा पुढे कितीतरी वेळा सांगत. त्यांना त्याचं फार आश्चर्य वाटे. मिरजेच्या डॉक्टरने पोलादपूरचा दवाखाना बघितला असेल-नसेल, पण चिठ्ठी पोचल्यावर तिथल्या लोकांनी जणू घरचं पत्र आल्यासारखी आत्याला आत घेतली. आणि आमची स्वतःची माणसं? ती गल्लीतल्या विहिरीवर आम्हाला पाणी भरू देईनात. महाडात पाण्यावरून काय काय झालं आहे ते मी सांगायला नको. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. तीस वर्षांनी तसा अनुभव, अगदी थोड्या मापाने, आमच्या वाट्याला आला तेव्हा आजी पहिल्यांदा म्हणाली, "त्या लोकांना काय वाटलं असेल गं."

या "आमच्या माणसां"चा उलगडा मला खूप उशिरा झाला. १९०५ साली हिंदुस्थानातल्या मिशनरी डॉक्टरांनी आपली एक संघटना बांधली, १९२६ मध्ये तिचं नाव क्रिश्चन मेडिकल असोसिएशन ऑफ इंडिया असं झालं. पुढे डॉक्टरांबरोबर नर्सेस आणि आख्खी इस्पितळंही तिच्यात आली. वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या चर्चच्या पैशावर चालणाऱ्या या संस्था. एकट्या पडलेल्या डॉक्टरला, लांबच्या आडगावच्या नर्सला, आपल्यासारखं दुसरीकडे कोणी आहे एवढी जाणीव हवी असते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तर पद्धतच होती की मिशनच्या शिफारशीने शिकलेल्या विद्यार्थ्याने नंतर ठरावीक वर्षं त्यांच्या खेड्यातल्या इस्पितळात काम करायचं. त्यामुळे कुठेही जा, तिथे वेल्लोरचं कोणीतरी निघायचंच.

अण्णा, म्हणजे माझे वडील, महिन्यातून एका रविवारी आत्याला भेटायला जात. घरी सांगायचं, "वसुलीला जातो." आठवीत असताना मी हट्ट करून बरोबर गेले. मला वाटलं होतं काहीतरी भयंकर दिसेल. दिसलं काय, तर झाडून काढलेलं अंगण, दोरीवर वाळत घातलेली बँडेजं, आणि एका रांगेत बसून पाय बादल्यांत बुडवलेल्या बायका. रोज अर्धा तास पाय भिजवायचे, दगडाने घट्टे घासायचे, तेल लावायचं, मग तळवे उलटे करून काटा-खडा रुतलाय का ते डोळ्यांनी पाहायचं. कारण पायाला ते कळत नाही. बोटं रोगाने झडतात असं आपण समजतो. खरं तर ती बरीचशी न कळलेल्या जखमांनी आणि भाजण्याने जातात. वेल्लोरच्या डॉक्टर पॉल ब्रँड यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नीट दाखवून दिलं. वाकड्या झालेल्या बोटांवर स्नायूबंध फिरवून लावायची शस्त्रक्रिया त्यांनीच रूढ केली, आणि ती शिकलेले सर्जन पुढे ठिकठिकाणच्या मिशन दवाखान्यांत जाऊन करत.

आत्याच्या उजव्या हातावर ती झाली. बाहेरून एक सर्जन आले होते, आठवडाभर राहून त्यांनी अनेकांचे हात केले. नंतर महिनोन्महिने कोमट मेणात हात बुडवून बोटांचा व्यायाम. तो करून घ्यायला नगरकडच्या एक सिस्टर होत्या. उंच, सावळ्या, आवाज करडा. आत्या कंटाळली की त्या म्हणायच्या, "बोटं देवाने दिली, सरळ सर्जनने केली, आता तुझं काम तू कर." वर्षभरात आत्या सुईत दोरा ओवू लागली.

तिथे रोज सकाळी कामाआधी सगळे कर्मचारी पंधरा मिनिटं एकत्र बसत. डॉक्टर, सिस्टर, कंपाउंडर, स्वयंपाकी. कोणीतरी वाचायचं, कोणीतरी प्रार्थना करायची, आणि तिच्यात रोग्यांची नावं यायची. आत्या व्हरांड्यात बसून ऐके. "माझं नाव रोज घेतात," ती अण्णांना म्हणाली. अण्णा काही बोलले नाहीत. आमच्या घरात तिचं नाव घेणं बंद होऊन तेव्हा सात वर्षं झाली होती.

आता तो प्रश्न. आत्या बाटली का? आमच्याकडे पहिला प्रश्न हाच असे, जखम कशी आहे हा नंतरचा. मी मोठी झाल्यावर एकदा तिलाच विचारला. ती म्हणाली, "ते मला विचारत नाहीत. तूच विचारतेस." मला उत्तर मिळालं नाही आणि पुन्हा विचारायची लाज वाटली. हे लोक धर्म सांगायला आलेच नव्हते असं मी म्हणणार नाही. आले होते, आणि तसं उघड म्हणतही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आम्हाला बी.ए.ला होती, त्यामुळे धर्मांतराने घर कसं दुभंगतं हे मी वाचलेलं होतं. पण आमचं घर दुभंगलं ते त्याच्या आधीच. आणि ते आम्हीच दुभंगवलं.

माझं लग्न १९७३ साली ठरलं. बघायला आलेल्या मंडळींनी विचारलं, "वडिलांना बहिणी किती?" मीच उत्तर दिलं. "एक." कोणी शिकवलं नव्हतं, अण्णा तर खाली बघत होते. महिन्याभराने पोस्टकार्ड आलं. मोठी, तिरकी अक्षरं, उजव्या हाताने लिहिलेली. अनेक आशीर्वाद, आणि खाली एक ओळ : मी येणार नाही, काळजी करू नये.

ते कार्ड मी माहेरी आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलं होतं. २२ जुलै २०२१ च्या रात्री महाडात पाणी चढलं तेव्हा ती ट्रंक खालच्या खोलीत होती. तिसऱ्या दिवशी उघडली, तर आत चिखलाचा लगदा. दागिने, कागदपत्रं गेली म्हणून लोक रडत होते. मी कशासाठी रडते आहे हे सुनेला सांगता आलं नाही.

लग्नानंतर मी एकदाच गेले. डिसेंबर १९७७. शाळेची सहल प्रतापगडला चालली होती. पोलादपूरच्या स्टँडवर गाडी चहाला थांबली. मुलं बरोबरच्या सरांच्या ताब्यात दिली आणि "जरा नातेवाईक आहेत" म्हणून धावत सुटले. आत्या एका म्हातारीच्या पायाला बँडेज बांधत होती. तोवर ती बरी झाली होती. गोळ्या बंद होऊन वर्षं झाली होती, पण परत कुठे जाणार? तिथेच ड्रेसिंगला मदत करायची. माझ्याकडे पाहून ओळखलं, पण हातातलं बँडेज सोडलं नाही. शेवटची गाठ मारली, हात धुतले, मग म्हणाली, "मुलं कुठायत तुझी?" मला वाटलं माझी मुलं. मी म्हटलं, घरी आहेत सासूबाईंकडे. "ती नव्हेत. शाळेची." मी सांगितलं बसपाशी आहेत, चाळीस आहेत. "आणि तू इथे? जा. घाटाची गाडी आहे, मोजून घे." वीस मिनिटांतली दहा तर जाण्यायेण्यात गेली. निघताना मी तिच्या पाया पडले. तिने पाय मागे घेतले नाहीत. मऊ रबराच्या चपला होत्या, दवाखान्यात बनवलेल्या.

फेब्रुवारी १९७९ मध्ये ती न्यूमोनियाने गेली. अण्णा गेले. माझ्या शाळेत स्नेहसंमेलन होतं, नाटक माझ्याकडे होतं. रजा मागितली असती तर मिळाली असती, पण कारण सांगावं लागलं असतं.

त्याच वर्षी जामखेडच्या डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेही वेल्लोरचे, नवराबायको दोघं. १९७० पासून ते जामखेडला होते. त्यांचं काम मी पुष्कळ पुढे वाचलं आणि पुस्तक मिटून बसून राहिले. गावातल्याच बायका, कित्येक निरक्षर, कित्येक दलित, त्यांना त्यांनी आरोग्यसेविका केलं होतं. त्या घरोघर जाऊन चट्टे ओळखायच्या, गोळ्या द्यायच्या, आणि रोगी आपल्या घरातच राहायचा. वेगळं वसतिस्थान नाही, चिठ्ठी नाही, मिरज नाही. पुढे १९८२ च्या सुमारास तर अनेक औषधं एकत्र द्यायची पद्धत आली आणि वर्षा-दोन वर्षांत रोग बरा होऊ लागला. आत्या पंचवीस वर्षं उशिरा जन्मली असती तर... असो.

आमच्या महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर सगळ्यांना माहीत आहेत. विंचूदंशावर त्यांनी इथेच बसून संशोधन केलं, ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. एकट्या माणसाची जिद्द काय करते ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. पण पोलादपूरच्या त्या डॉक्टर-सिस्टरांपैकी एकाचंही नाव इथल्या लोकांना सांगता येणार नाही. बदल्या होत, एक जाई, दुसरा येई, पाय धुवायची वेळ तीच राही. त्यांच्या त्या सकाळच्या पंधरा मिनिटांवर माझा विश्वास आहे की नाही, मला सांगता येत नाही. मी देवपूजा करते ती सवयीने. पण ते बसणं नसतं, तर वर्षानुवर्षं परक्यांच्या जखमा धुणं माणसाला झेपलं असतं का, हा विचार माझ्या मनात येतो.

काल भाच्याला मीच फोन केला. सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग त्याच्या स्वभावाप्रमाणे कामाचंच बोलला. नाव नीट लिहून घेतलं. जन्म १९३१, मृत्यू १९७९. "सासरच्या रकान्यात काय घालू?" मी म्हटलं, तिथे पोलादपूर लिही. "गाव म्हणून?" हो, गाव म्हणून.

पुस्तिकेत प्रत्येकाचा फोटो घालायचा त्याचा बेत आहे. आत्याचा एकही आमच्याकडे नाही. तिच्या लग्नातला एक ग्रुप फोटो होता म्हणतात, मुरूडच्या काकूंच्या माहेरी कोणाकडे तरी. वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी तो असेल तर कृपा करून मला कळवा. मागच्या ओळीत, डावीकडून तिसरी.